सलाईनच्या कपाटाची चावी

कंदील जरा बारीक करा. आमच्या उत्तम कंपाउंडरला तुम्ही ओळखता. पदरचं काही जोडून सांगणारा माणूस नव्हे तो. ही त्याच्याच तोंडची गोष्ट.

त्रेपन्न साली भाद्रपद लागला होता. ठाण्यात टेंभी नाक्यापलीकडच्या एका धर्मादाय दवाखान्यात उत्तम रात्रपाळीला असे. मिठागरावरच्या राघोने आपल्या बायकोला, शेवंतीला, पाठीवर घालून आणलं. जुलाब-उलट्यांनी पार सुकलेली. सकाळपासून लघवीचा थेंब नाही. अंगात पाणी जायला हवं होतं, शिरेतून आणि ताबडतोब. सलाईनच्या बाटल्या कपाटात होत्या, चावी मोठ्या डॉक्टरांच्या घरी. मुंबईहून तपासणीचे साहेब येणार, तोवर कपाट भरलेलं दिसायला हवं होतं.

उत्तम चावी आणायला गेला. डॉक्टर म्हणाले, "मिठागरवाली ना? काटक असतात ती माणसं. पेज पाजा. सकाळी बघू."

सकाळी चावी आली, बाटल्याही चढल्या. पण मूत्रपिंडं बसली ती बसलीच. आत गेलेलं पाणी बाहेर पडेना. तोंड सुजलं, धाप लागली. पाचव्या दिवशी शेवंती गेली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, पटकी.

राघोने उत्तमला एवढंच विचारलं, "दादा, पाण्यावाचून गेली का ती?"

त्या दिवसापासून उत्तमच्या पोटात निखारा होता.

मग सर्वपित्री अमावास्या आली. रात्रीचे साडेनऊ. दगडू नावाचा म्हातारा तसाच सुकून आला, लघवी बंद. तपासणीचे साहेब अजून आलेच नव्हते. कपाटाला कुलूप. उत्तम पुन्हा निघाला. या खेपेला नाही म्हणाले तर दगडाने कुलूप फोडायचं, नोकरी गेली तर गेली, असं ठरवूनच निघाला.

डॉक्टर ओसरीवर आरामखुर्चीत पान लावत बसले होते. उत्तमने तोंड उघडलं...

डॉक्टर त्याच्याकडे बघत नव्हते. त्याच्या मागे बघत होते.

"हिला कशाला आणलंस?"

उत्तम वळला. मागे अंगण. रिकामं.

"कोणाला, साहेब?"

वारा नव्हता. कुत्रं नव्हतं. डॉक्टरांचा उजवा हात वर गेला... कुणी धरून उचलावा तसा. तो हात त्यांच्याच खिशात शिरला. बाहेर आला. मूठ उघडली.

चावी पायरीवर पडली.



भीती नाही वाटली, असं उत्तम सांगतो. संताप आला. जितीला दिली नाही ती चावी मेलीला दिली. त्याने ती उचलली आणि धावत सुटला.

दगडूला पहाटे लघवी झाली. म्हातारा वाचला.

डॉक्टर अजून आहेत. भर वैशाखातही लांब बाह्यांचा सदरा घालतात. एकदा बाही वर सरकली, तेव्हा उत्तमने पाहिलं. मनगटावर चार बोटांचे खळगे आहेत, ओल्या मातीत उमटावेत तसे. चार वर्षं झाली.

भरून येत नाहीत.