कापलेली शांतता

साहेब, तुम्हाला सगळं सांगितलं होतं. कागदावर लिहून, सही करून, आवक शिक्का मारून सांगितलं होतं. तेव्हा आता हात झटकू नका. तुमचं नाव इथे घेत नाही. वाचता वाचता तुमचं तुम्हालाच कळेल. ज्या बाईला तुम्ही "आधी स्वतःचे कान तपासून घ्या" म्हणालात, तिची ही गोष्ट आहे. तेव्हा अर्धवट ऐकलीत, आता पुरी ऐका.

ती आरोग्य खात्याच्या फोन-केंद्रात कामाला होती. तिसरा मजला, न उघडणाऱ्या खिडक्या, एका ओळीत चौदा टेबलं. लोक डॉक्टरांची वेळ घ्यायला फोन करायचे, फोन रेकॉर्ड व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी ही बाई ते ऐकून प्रत्येकापुढे कारण भरायची. खोकला. ताप. पाठदुखी. झोप. एका फोनाला एकच कारण. यंत्र दुसरं घेतच नसे. नंबर दिसायचे, नावं नाहीत. अकरा वर्षं हेच काम. बोलणाऱ्याच्या मागे नळ गळतोय की करवत चाललीय, हे ती चहा ढवळता ढवळता सांगायची. सगळे तिला कानवाली म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं.

एके दिवशी कुणा आजोबांची तक्रार आली की माझं निम्मं बोलणं तुम्ही कापलंत. चौकशी कानवालीच्या गळ्यात पडली. ती मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणजे केंद्रातले संगणक सांभाळणारा. खरं आडनाव बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असावं.

"बोलणं नाही कापत हो यंत्र," मिस्त्री म्हणाला. "कोणी दोन सेकंदांहून जास्त गप्प बसलं, की तेवढी शांतता काढून टाकतं. जागा वाचते."

"आणि काढलेलं जातं कुठे?"

"पुसलं जातं." त्याने पडद्यावर पाहिलं, मग डोकं खाजवलं. "च्यायला. पुसायची खूण कोणी केलीच नाहीये. दोन वर्षांचं सगळं एकापुढे एक चिकटत गेलंय. लांबलचक पट्टी झालीय."

"नुसत्या शांततेची?"

"एकशे दहा तास. घ्या ऐकून, तुमच्या कानांना मेजवानी!"

तिने खरंच ऐकायला घेतलं. जेवणाच्या सुट्टीत, कानाला हेडफोन, पुढ्यात डबा. बहुतेक तुकड्यांत काहीच नव्हतं. पंख्याची घरघर, खुर्ची सरकल्याचा आवाज, दूर कुणाचं तरी भांडण. चौथ्या दिवशी एका तुकड्यात कुणीतरी श्वास आत घेतला. तुकडा संपला. मग पंखे, खुर्च्या, बराच वेळ. मग दुसऱ्या एका तुकड्यात तोच श्वास बाहेर आला.

तिने डबा बाजूला सारला. पहिला फोन एका बाईचा होता, मागे तान्हं रडत होतं. दुसरा एका पुरुषाचा, बसस्थानकावरून. मध्ये सहा दिवसांचं अंतर. श्वास मात्र एकाच छातीतला: अरुंद, सोडताना लांबत जाणारा, शेवटी बारीक शिट्टी. मधले रिकामे तुकडे वगळून तिने पुढचे काही महिने असे तुकडे जोडत नेले, तर श्वास कुठे तुटतच नव्हता. एकाने घ्यायचा, दुसऱ्याने सोडायचा.

"एका फोनाचा आवाज दुसऱ्यात झिरपत असणार," मिस्त्री म्हणाला आणि तीन दिवस यंत्र उकलून बसला. बिघाड निघाला नाही. मग त्याने जोडलेली पट्टी ऐकली. हेडफोन काढून टेबलावर हळूच ठेवले, खाली कुणी झोपलंय अशा बेताने.

"हा एकच माणूस आहे."

"अडतीस वेगळे नंबर आहेत, मिस्त्री."

"असतील. माणूस एकच आहे." त्या दिवशी त्याने पुढे एकही विनोद केला नाही.

दुसरी कोणी असती तर घाबरून रजा टाकली असती. कानवालीला मात्र चैन पडेना. हेच अडतीस का? हजारो लोक फोन करतात, गप्पही बसतात. श्वास यांच्याच शांततेत का? तिने त्या अडतीस नंबरांची दोन वर्षांची सगळी कारणं काढली आणि शेजारी शेजारी मांडली. आजवर तशी कुणी मांडलीच नव्हती, कारण प्रत्येक फोन आपापल्या खणात बंद.

खोकला. सहा महिन्यांनी ताप-सर्दी. चार महिन्यांनी पुन्हा खोकला. मग घसा. मग बरगड्या दुखतात. मग झोप लागत नाही. मग रजेसाठी सर्टिफिकेट. माणसं वेगळी, रांग तीच, आणि दोन फोनांमधलं अंतर दर खेपेला कमी. दर वेळी नवा डॉक्टर, तीच बाटली, त्याच पाच दिवसांच्या गोळ्या, आणि शेवटी आपला शेरा: तक्रार मिटली. अडतीस जण, अडीचशेच्या वर फोन, आणि एकालाही कुणी म्हटलं नाही की बाबा, एकदा नळीत फुंकून दाखव. फुंकणीची तपासणी हो! जेमतेम अर्ध्या तासाचं काम, फुप्फुसं किती आवळली गेलीत ते कागदावर उमटतं.

तेवढ्यावर ती थांबली नाही. आज घरच्या ऑक्सिजनच्या नळीसाठी फोन करणाऱ्या नंबरांचे सहा-सात वर्षांपूर्वीचे फोन तिने उपसले. त्यांचीही सुरुवात ह्याच रांगेने झाली होती. म्हणजे आजार तेव्हाच फोन करून सांगत होता आणि आपण त्याला वेळ देऊन पुढे ढकलत होतो.

यादीतला तेविसावा नंबर मात्र तिला पाठ होता. तिच्या दादाचा. लाकूड घासून पॉलिश करण्याचं त्याचं काम. सिगारेटला उभ्या जन्मात शिवलेला नव्हता.

"वर्षात सहा फोन केलेस, दादा. मला बोलला नाहीस."

"खोकल्याचं काय बोलायचं? तू काय डॉक्टरीण आहेस?"

"जिना चढताना मध्ये थांबतोस."

"तुझी वहिनी मागे राहते, म्हणून थांबतो."

"मी मागे?" आतून वहिनी कडाडली. "मी वर जाऊन कुलूप काढून चहा टाकलेला असतो! हा येतो तेव्हा उकळून निम्मा झालेला असतो!"

दोघींनी मिळून त्याला नेलं. तीन वेळा फुंकून दादा लालबुंद झाला. कागद बघून तिथली बाई म्हणाली, "हे आधी कुणीच केलं नाही?" तिसरा हिस्सा श्वास गेलेला होता. तो परत यायचा नव्हता, पण उरलेला वाचवता येणार होता. छातीत ओढायचा फवारा सुरू झाला, कामावर तोंडाला मुसकं आलं.

तीन आठवड्यांनी तिने पट्टी पुन्हा लावली. दादाच्या जागी आली आणि थबकली.

श्वास नव्हता. वर्षभरापूर्वीच्या त्याच तुकड्यात आता लाकूड घासल्याची खरखर होती, आणि दूरवर वहिनी विचारत होती, "कुणाशी बोलताय?"

मिस्त्रीने चारदा तपासलं. त्या तुकड्याला कुणाचा हात लागलेला नव्हता.

उरले सदतीस. नंबर तिच्याकडे, नावं तुमच्याकडे. अनोळखी बाईच्या फोनवर कोणी तपासणीला जात नाही; खात्याने नावानिशी बोलवायचं तर नावांवरचं कुलूप तुम्हीच काढायला हवं होतं. म्हणून तिने अर्ज केला. श्वासाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. वेडी म्हणाल हे तिला कळत होतं. फक्त कारणांची रांग, तारखा, दादाचा कागद, आणि मागणी: सदतीस जणांना तपासणीला बोलवा.

तुम्ही तिला फोन केलात. ऑफिसातला फोन. तोही रेकॉर्ड होतो, साहेब.

"कारण भरणं तुमचं काम," तुम्ही म्हणालात. "निदान करणं नाही." मग खोकलात. मग तीन सेकंद गप्प होतात. मग ते कानांचं बोललात.

दुसऱ्या दिवशी पट्टीच्या टोकाला एक तुकडा वाढलेला होता.

तीन सेकंद. अरुंद, लांबत जाणारा, शेवटी बारीक शिट्टी.

तिने तुम्हाला ते चिठ्ठीवर लिहून पाठवलं. दोनच ओळी: "अडतिसावे तुम्ही आहात. तपासून घ्या." तुम्ही ती चिठ्ठी फाडलीत, असं बाहेर बसणारी तुमची टायपिस्ट सांगते. तिच्या बदलीचा हुकूमही त्याच दुपारी टाइप झाला.

जाण्याआधी महिनाभर ती रोज पट्टी ऐकत राहिली.

बाविसाव्या दिवशी तुमच्या जागी श्वास नव्हता. तिथे तुमच्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. दाराबाहेर टायपिस्टची बोटं चालली होती. अगदी स्पष्ट.

म्हणजे तुम्ही जाऊन फुंकून आलात. फवाराही सुरू केलात. कुणाला कळू न देता.

बाकीच्या सदतीस जागा तिने त्याच दिवशी एकेक करून ऐकल्या. पस्तीस ठिकाणी श्वास होता, आधीपेक्षा आखूड. उरलेल्या दोन ठिकाणी श्वास नव्हता, पण मागे पंखाही नव्हता, भांडण नव्हतं, फोनच्या तारेची गुणगुणही नव्हती. काहीच नव्हतं. ते दोन नंबर तिने लावून पाहिले. ते आता कुणाचेच नाहीत.

तिच्यावर तुमचा विश्वास बसला होता, साहेब. बसला नसता तर तुम्ही तपासून घेतलंच नसतं. मग त्या पस्तीस जणांना का बोलावलं नाहीत?

उत्तर द्या.