कृष्णकांतच्या नावावरची फाइल

१९८८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सीताबर्डीच्या ऑफिसात भर दुपारी अरुंधती एका साध्याच कामाला बसली होती. नवऱ्याचं नाव पुसायचं होतं.

कंपनीचा कारखाना हिंगण्याला, ऑफिस शहरात. दोन्हीकडचे कॉम्प्युटर वेगळ्या जातीचे, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. त्यांची सोयरीक अरुंधती आणि कृष्णकांत या नवराबायकोनेच जमवली. प्रोग्रामच्या सगळ्या फाइली ऑफिसातल्या मशीनवर. हिंगण्याहून किंवा घरून टेलिफोन लावून फाइल आपल्या नावावर उचलायची, बदल करून कारणासकट परत ठेवायची. उचललेली फाइल परत येईपर्यंत इतरांनी तिला हात लावायचा नाही. राखणदारी अरुंधतीची. फोन आला की मशीन नाव आणि परवलीचा शब्द विचारून फोन ठेवून देई, मग यादीत त्या नावापुढे असलेल्या नंबरावर स्वतः फोन लावी. चोराला शब्द कळला तरी फोन खऱ्या माणसाच्याच घरी जाणार. तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकणारी बाई होती ती.

मार्चमध्ये हिंगणा रोडवर ट्रकने कृष्णकांतची मोटरसायकल उडवली. एक फाइल त्याच्या नावावर तशीच राहिली. अरुंधती भावाकडे राहायला गेली, घराला कुलूप लागलं, घरचं टर्मिनल आणि टेलिफोनच्या तारेवरून अक्षरं धाडणारा मोडेम कंपनीने परत नेला. उरला नुसता टेलिफोन. यादीतून त्याचं नाव काढायला हवं होतं, पण तिचा हात धजला नाही. स्क्रीनवर रोज दिसायचं, 'फाइल कृष्णकांतकडे आहे.' त्याच्याबद्दल 'आहे' म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"हिंगण्याचे लोक खोळंबून राहिले," साहेब मधुकरराव दारातूनच हळू म्हणाले. "दोन महिने मी काही बोललो नाही. आज मोकळी कर ती फाइल. तुले जमत नसंल तर मी करतो."

"नको. मीच करते."

ते खाली चहाला गेले. खोलीत कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने हुकूम टाइप केला, शेवटचं बटण दाबणार तोच टेलिफोन वाजला आणि मोडेमने तो उचलून शीळ घातली.

स्क्रीनवर नाव उमटलं, कृष्णकांत. परवलीचा शब्द बरोबर होता. मशीनने फोन ठेवला आणि यादीतला नंबर फिरवायला घेतला. त्यातला आकडा न् आकडा तिला पाठ होता. त्या बंद घराची एकुलती एक किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

दोनच घंट्या गेल्या. पलीकडून फोन उचलला गेला.

'फाइल परत. कारण: काम पूर्ण.'

खरं तर तिने किंचाळत पळायला हवं होतं. तिला नुसतं रडू फुटलं. ते 'आहे' पुसलं गेलं होतं, आणि ते त्यानेच पुसलं होतं.

"अहो... थांबा ना," तिने टाइप केलं. "जाऊ नका..."

लाइन तुटली नाही. मग त्याच्या नावावर दुसरी फाइल उचलली गेली, टेलिफोन नंबरांची यादी. मिनिटभराने ती परत आली आणि लाइन बंद झाली.

मधुकरराव वर आले. "झालं?"

"झालं... त्यांनीच परत केली."

त्यांनी स्क्रीन वाचली आणि खुर्चीची पाठ धरली. "घरी कोण आहे सध्या?"

"कोणी नाही."

"अन् तिथं तर साधा फोन आहे... त्याच्यातून अक्षरं कशी येतीन?"

तिने यादी उघडली. कृष्णकांतचं नाव गेलं होतं. तिच्या नावापुढचा भावाचा नंबरही गेला होता. त्या जागी बंद घराचा नंबर होता. खाली कारण लिहिलं होतं, 'अरू घरी येते आहे.'

आज मंगळवार. नोंदीवर तारीख होती येत्या शनिवारची.

"काढून टाकू का हे?" मधुकररावांनी विचारलं.

अरुंधतीने पदराने डोळे पुसले. "राहू द्या," ती म्हणाली. "मला शनिवारची सुट्टी पाहिजे."