नुकसान दिसून आले नाही

हरिश्चंद्र राऊत पहिल्यांदा प्रेमलताच्या घरी आला, तो दारातून नव्हे… बावखलातून.

अठ्ठेचाळीस सालच्या वादळाला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. त्या वादळाचं काय सांगू! बोळिंजचा आमचा कोंबडा त्यात उडाला, तो अर्नाळ्याच्या किल्ल्यावर बांग देताना सापडला, आणि तिकडच्या कोंबड्या सोडून परत यायला काही तयार होईना. बरं, कोंबड्याचं सोडून द्या. पुढचं मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे.

तर मामलेदार कचेरीचा हा नवा कारकून पंचनाम्याचे कागद घेऊन सायकलवरून प्रेमलताच्या वडिलांच्या, काशिनाथभाऊंच्या, वाडीच्या बांधावर वळला. समोर फळं उतरवायची लांब आकडी घेऊन एक मुलगी उभी होती. वेणी पाठीवर, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घामाचे चार थेंब. त्याने तिच्याकडे गरजेपेक्षा एक क्षण जास्त पाहिलं. तेवढ्या एका क्षणाला बांध पुरला नाही, आणि सायकल सरळ बावखलात! वाडीतलं हे तळं. मी गोष्ट जितक्यांदा सांगतो तितकं ते खोल होत जातं. आज गळ्यापर्यंत धरू.

"आधी सायकल वाचवा!" तो ओरडला. "सरकारी आहे!"

"आणि तुम्ही?"

"मी… मी हंगामी आहे!"

प्रेमलता खळखळून हसली. आकडी त्याच्या सदऱ्याच्या कॉलरला अडकवून तिने त्याला नारळासारखा ओढून काठावर घेतला. तेव्हा तिच्या लक्षात आलं… सगळा माणूस भिजला होता, पण कागद धरलेला उजवा हात शेवटपर्यंत पाण्याच्या वर होता. लोकांचे अर्ज कोरडे होते.

तिचं हसू जरा हळू झालं. पण गेलं नाही.

काशिनाथभाऊंनी त्याला आपलं धुवट धोतर दिलं. तिच्या आईने, सावित्रीबाईंनी, चहा दिला आणि केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेल्या सुकेळ्यांची पुडी सोडली. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली, मधासारखी. पुडी रिकामी झाली तसा तो वाडी पाहायला उठला.

आणि इथेच घात झाला होता. आमच्या वाडीवाल्यांना पसारा बघवत नाही. त्यातून सरकारचा माणूस येणार म्हटल्यावर काशिनाथभाऊंनी आठ दिवस राबून वाडी लख्ख केली होती. पडलेल्या केळी तोडून गुरांना घातल्या, मोडलेल्या पोफळी रचून ठेवल्या, केळींच्या जमिनीत उरलेल्या गड्ड्यांवर पाचोळा अंथरला, मोडका रहाट विहिरीवरून उतरवून धुऊन पुसून पडवीत उभा केला. अंगणात रांगोळीसुद्धा!

हरिश्चंद्राने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग गोंधळून शेरा लिहिला : 'प्रत्यक्ष पाहिले. नुकसान दिसून आले नाही.'

"दिसून आलं नाही?" प्रेमलता त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "सातशे केळी आडव्या झाल्या आमच्या!"

"कुठे आहेत?"

"म्हशींच्या पोटात!"

"म्हशीचा पंचनामा करायला रकाना नाही," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "जे डोळ्यांनी दिसत नाही ते मी लिहू शकत नाही हो."

"बाबा, तुम्ही तरी सांगा!"

काशिनाथभाऊ ताठ बसले होते. "पाहुणा येणार म्हणून घर झाडलं. ते चुकलं असेल तर चुकलं. हात पसरून रडणं मला जमायचं नाही."

पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मदत मिळून माघ सरायच्या आत नवी रोपं लागली नाहीत, तर मुंबईचा एक शेठ बंगल्यासाठी वाडी मागत होता, आणि भाऊ त्याला होकार देणार होते. त्या शेठला विहीर नको होती, बुजवायचीच होती.

हरिश्चंद्र सायकल घेऊन निघाला, तशी प्रेमलता वाटेत आडवी आली.

"वाजले किती?"

"बारा."

"मग वर बघा."

त्याने वर पाहिलं आणि डोळे मिटले. स्वच्छ, पांढरं, आंधळं करणारं ऊन.

"आमच्या वाडीत भर दुपारी सुईत दोरा ओवायचा तर कंदील लागायचा," ती म्हणाली. (हे मात्र खरं, मी स्वतः ओवलाय.) "केळीपोफळीच्या सावलीत वाढलेली ही पानवेल. हिला ऊन म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं." तिने एक पान खुडून त्याच्या तळहातावर ठेवलं. अर्धं हिरवंगार, अर्धं करपून तपकिरी. "बाबांनी जमीन झाडली. आभाळ कोण झाडणार?"

तो पानाकडे बघत राहिला. मग पानाकडे बघतोय असं दाखवत राहिला.

"फेरपाहणीचा अर्ज करा," तो हळूच म्हणाला. "तीस तारखेच्या आत. सातबारा आणि तलाठ्याचा दाखला लागेल. रकाने… रकाने मी समजावून देईन."

मग प्रेमलता वसईच्या कचेरीत खेपा घालू लागली. टांग्यातून उतरायची, वडाखालच्या बाकावर बसायची, आणि हा रकाने समजावायचा.

"इथे कुटुंबातली माणसं लिहायची."

"तीन. बाबा, आई, मी."

"तुम्ही… लग्नाच्या?"

"असा रकाना आहे?"

"नाही," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला. "माहिती म्हणून."

"माहिती फुकट मिळत नाही. आधी सांगा, 'उत्पन्नाचे अन्य साधन' म्हणजे काय लिहू? बाबा म्हणतात, लिही, स्वाभिमान."

"तो लिहू नका. असलं काही भरलेलं दिसलं की मदत कापतात."

दारातला पट्टेवाला काळूराम, खाडीकाठचा माणूस, हे रोज बघायचा. "राऊतभाऊ, एका अर्जाला आठ दिस? बाकीच्यांना तुमी पानी प्यायला पन थांबू देत नाय!"

अर्ज एकोणतीसला पुरा झाला. तीस तारखेला प्रेमलता पोचपावती घ्यायला आली, तर अर्ज हरिश्चंद्राच्या टेबलावर नव्हता.

"त्यांनी सकाळीच साहेबांना परत दिला," काळूराम मान खाली घालून म्हणाला. "मी यावर लिहिनार नाय, म्हनाले."

प्रेमलता थेट आत गेली. चार कारकुनांच्या लेखण्या थांबल्या.

"परत दिलात? आठ दिवस रकाने शिकवलेत, आणि शेवटच्या दिवशी हात काढून घेतलात?"

"अर्ज बुडालेला नाही," तो उठून उभा राहिला. "सर्कल इन्स्पेक्टर क्लेमेंट साहेबांकडे दिलाय. उद्या दुपारी बाराला ते येतील. मीच वेळ सांगितली, बाराची. करपलेलं पानही आत टाचलंय."

"मग तुम्ही का नाही?"

"नियम आहे. अर्जदाराच्या घरात कारकुनाचं नातं असेल तर त्याने त्या अर्जावर शेरा मारू नये."

"आपलं कुठे नातं आहे?"

काळूराम दारातून आत डोकावला.

"नाही…" हरिश्चंद्र म्हणाला. "अजून नाही. पण परवा तुमच्या नावाखाली रेघ मारताना माझा हात थरथरला. थरथरणाऱ्या हाताने सरकारी शेरा लिहायचा नसतो. उद्या कोणी म्हणायला नको, काशिनाथभाऊंना मदत मिळाली ती मुलीमुळे. तुमचा हक्क आहे तो. हक्कानेच मिळू दे."

भांडायला आलेली प्रेमलता भांडणच विसरली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत तशीच उलट्या पावली बाहेर पडली आणि काळूरामला धडकली.

दुसऱ्या दिवशी क्लेमेंट साहेब आले. कडक माणूस, चहासुद्धा नको म्हणाले. प्रेमलताने त्यांना बरोबर पानवेलीमधोमध उभं केलं आणि सावकाश एकेका गड्ड्यावरचा पाचोळा काकडीची साल काढावी तसा दूर केला. शंभर गड्डे मोजेपर्यंत साहेबांची हॅट हातात, रुमाल डोक्यावर. दीडशेला ते म्हणाले, "पुरे ग बाय! सावली कुठे आहे?"

"तेच लिहा, साहेब."

त्यांनी तेच लिहिलं. मदत पौषात मंजूर झाली. माघात वाडीत राजेळीची रोपं उभी राहिली आणि रहाट पुन्हा कुरकुरू लागला. शेठला भाऊंनी सुकेळ्यांची पुडी देऊन निरोप दिला.

आणि त्याच आठवड्यात बांधावरून एक माणूस आला, सायकल हातात धरून, चालत.

"अर्ज निकाली निघाला," हरिश्चंद्र म्हणाला. "आता मला यायला हरकत नाही."

"कशासाठी यायला?" प्रेमलताने आकडी आडवी धरली. "तोंडी चालणार नाही. लेखी द्या."

त्याने खिशातून घडी काढली. खरंच लेखी होतं! अर्जदाराचं नाव, वय, गाव. नोकरी : आता कायम. मागणी : एकच. खाली वडिलांच्या सहीची जागा, आणि शेऱ्याचा रकाना कोरा.

पडवीत काशिनाथभाऊंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, जावयाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि सही केली. "शेरा पोरीचा," म्हणाले.

प्रेमलताने त्याच्याच खिशातलं पेन घेतलं. त्याला समोर उभं केलं. डोक्यापासून पायापर्यंत, अगदी निवांत, पाहणी केली. तो बिचारा बावखलात पडला तेव्हाही इतका घाबरला नव्हता. मग तिने ठसठशीत अक्षरात लिहिलं :

'प्रत्यक्ष पाहिले. नुकसान दिसून आले नाही.'