चिंचणीच्या रस्त्यावरचा ठिपका

त्या दिवशी दुपारी बळवंतची होडी चिंचणीच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा तिचा दोर धरायला कुणीही नव्हतं. असं कधी होत नसे. बळवंतने स्वतःच पाण्यात उतरून होडी ओढली, दोन शिव्या हासडल्या आणि सालवडला जावयाला फोन लावला.

“काय जावईबुवा, बायको कुठं हाय तुमची? येते म्हनून कळवलं नि आमी इथं उन्हात उभे. मांदेली सडायला लागली.”

“ती कधीच निघालीय, बाबा,” केदार हसून म्हणाला. “बर्फवाल्याशी भांडत बसली असेल.”

“तसं असेल तर बर्फवाल्याची दया येते मला,” बळवंत म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लगेच भाविकाच्या नंबरवरून फोन आला. केदारने उचलला. पलीकडे पुरुषाचा आवाज होता, मागे गाड्यांचे हॉर्न.

“भाईसाब, ये फोन जिनका है, वो आपकी कौन लगती हैं?”

“बायको,” केदार म्हणाला.

मग त्या माणसाने एकेक सांगितलं.

चिंचणीच्या रस्त्यावरच्या वळणावर टँकर अंगावर आला होता. स्कूटर रस्त्याच्या कडेला पडली होती आणि बर्फाची पेटी फुटून बर्फ डांबरावर वितळत होता. पालघरच्या दवाखान्यात नेण्यात तसा काही अर्थ उरला नव्हता, पण नेलं.

केदार मोबाइलची ॲप लिहायचा. घरी बसून मुंबईतल्या लोकांची कामं करायचा. चिंचणीसाठी मात्र त्याने एक ॲप बिनपैशाचं केलं होतं, तेही भाविकाच्या सांगण्यावरून. तिच्या माहेरच्या वस्तीत जुनी रीत होती. होडी दिसली की पहिली जी बाई “मी जाते” म्हणेल, तिच्यावर त्या होडीचा दोर धरायची जबाबदारी. बाकीच्या मग हातातलं काम सोडत नसत. जाते म्हणून न जाणारी बाई वस्तीत कुणी पाहिली नव्हती. ॲपमध्ये तेच होतं. होडी रेंजमध्ये आली की खलाशी बटण दाबायचा आणि किनाऱ्यावरचे फोन वाजायचे. पहिल्या बाईने ‘येते’ दाबलं की बाकीचे फोन गप्प. निघालेली बाई नकाशावर निळा ठिपका होऊन दिसायची. किनाऱ्यावर येऊन तिने ‘पोचले’ दाबलं की ठिपका जायचा.

दिवसकार्य झालं. बळवंत बरेच दिवस ओट्यावर बसून राहिला. मग त्याच्या बायकोनेच, जयवंतीने, त्याला समुद्रावर धाडलं. बरोबर रामा होता, नेहमीचा खलाशी.

होडी परत आली त्या दुपारी जयवंतीचा फोन सालवडला आला.

“केदार, आज पन होडीवर कुनी गेलं नाय.”

“का, आई?”

“फोन वाजला नि गप्प झाला. भाविकाचं नाव आलं. येते, म्हनून.” जयवंतीचा आवाज अगदी सरळ होता. “ती येते म्हनाली, म्हनून मी उठलेच नाय. बोंबील उलटवत बसले. मग आठवलं.”

केदारने लॅपटॉप उघडला. त्याला भीती वाटली नाही. उलट हायसं वाटलं, कारण अशी चूक त्याच्या ओळखीची होती. ॲपमधला प्रत्येक स्क्रीन फोनला सांगून ठेवतो, की होडीची बातमी आली की मला हाक मार. स्क्रीन बंद होताना त्याने सांगायचं असतं, की आता मला हाक मारू नकोस. ते सांगायचं राहिलं, तर स्क्रीन डोळ्यांना दिसत नाही पण ऐकत राहतो. हाक आली की जुनंच उत्तर देतो. भाविकाचा तडकलेला फोन केदारच्या कपाटात होता आणि तिचे फोटो बघण्यासाठी त्यानेच तो चार्ज केला होता. त्याने कोड तपासला. एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाताना ‘हाक मारू नकोस’ सांगणारी ओळ खरोखरच नव्हती. त्याने ती घातली, नवीन ॲप सगळ्यांच्या फोनवर पाठवलं आणि भाविकाचा फोन बंद करून ठेवला.

“म्हनजे तिनं नाय पाठवलं?” जयवंतीने विचारलं.

“नाही, आई. मशीनने पाठवलं.”

“मशीनला सांग, माझ्या पोरीचं नाव घेऊ नको म्हनावं,” मागून बळवंत ओरडला.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं. भाविका, येते.

केदारने कपाटातला फोन पुन्हा तपासला. काढून पाहिला तर बंदच होता. त्याने सर्व्हरवरून तिचं खातं काढून टाकलं. होडीची खोटी बातमी पाठवून त्या क्षणी कोण कोण ऐकतंय त्याची यादी काढली. जयवंती होती, शेजारची गोजराबाई होती, वस्तीतल्या इतर बायका होत्या. भाविका कुठेच नव्हती. तरी उत्तर आलं, सगळ्यांच्या आधी.

आणि नकाशावर ठिपका उमटला. तो सालवडहून निघाला, बोईसरच्या बाजारात थोडा थांबला, मग चिंचणीच्या रस्त्याला लागला. स्कूटरच्या वेगाने. त्या वळणापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. केदार बघत बसला. चहावर साय धरली. संध्याकाळी ठिपका विझला.

त्यानंतरच्या खेपेला तो वळण ओलांडून थोडा पुढे आला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी पुढे.

केदार सामान घेऊन चिंचणीला राहायला आला.

“बंद करून टाक ते,” बळवंत जेवताना म्हणाला. “उद्या एखादी होडी अडचनीत असली तर? ती येते म्हननार नि सगळी वस्ती घरात बसनार. मानसं मरतील, केदार.”

“नुसतं तिचं नाव थांबवायला मार्ग नाही, बाबा. सगळं ॲपच काढावं लागेल.”

“मग काढ.”

जयवंती ताटाकडे बघत होती. “ती कुठवर आलीय?” तिने विचारलं.

केदारने सांगितलं.

“एवढी आलीय तर पोचू दे की एकदा. मग काढा तुमचं काय ते.”

बळवंत ताटावरून उठून गेला. केदारने ॲप काढलं नाही. उद्या काढू, असं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी वारा उलटा फिरला. केदार वाळूवर उभा होता. बळवंतची होडी दिसत होती, पण इंजिनचा आवाज येत नव्हता. लाटा तिला खडकांच्या बाजूला ढकलत होत्या. रामाने बटण दाबलं असावं, कारण केदारच्या हातातला फोन वाजला.

आणि गप्प झाला.

वस्तीतून कुणी आलं नाही. केदार ओरडला. वाऱ्यात आवाज कुणाला ऐकू जाणार! त्याने गोजराबाईला फोन लावला. “भाविका येते म्हनाली ना,” ती झोपेतून उठल्यासारखी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ठिपका वळण ओलांडून आला होता. तारापूरचा फाटा मागे पडला. चिंचणीची पहिली घरं आली. या वेळी तो थांबत नव्हता.

फोन खिशात टाकून केदार छातीइतक्या पाण्यात शिरला. रामाने दोर फेकला. तो केदारपर्यंत आला नाही. त्याच्या डाव्या हाताला, बराच लांब, पाण्यात पडला.

आणि ताठ झाला.

होडीचं तोंड फिरलं. खडक मागे राहिले. दोर किनाऱ्याकडे सरकत होता, हात बदलत ओढावा तसा, थांबून थांबून. त्या टोकाला लाटा होत्या आणि मग ओली वाळू. माणूस नव्हतं.

होडी वाळूला टेकली तेव्हा दोर सैल पडला.

रामा खाली उतरला आणि वाळूवर बसून रडायला लागला. बळवंत उतरला. त्याने केदारकडे पाहिलंच नाही. दोराच्या टोकाशी जाऊन तो उभा राहिला.

“उशीर केलास गो,” तो म्हणाला.

केदारच्या खिशात ओला झालेला फोन थरथरला. भाविका, पोचले.

‘पोचले’ आलं की ठिपका जायला हवा. ती ओळ केदारने स्वतः तपासली होती.

ठिपका वाळूवर थोडा वेळ राहिला. मग वळला आणि रस्त्याला लागला. होडी लागल्यावर भाविका माहेरी कधी रेंगाळत नसे, घरी स्वयंपाक असायचा. तारापूरचा फाटा गेला. वळण गेलं. अंधार पडायच्या सुमारास तो सालवडला पोचला, केदारच्या बिल्डिंगशी, आणि थांबला.

तो अजून तिथेच आहे. केदार अजून घरी गेलेला नाही.