शेवटचे अकरा सेंटिमीटर

चेतागणती झाल्याशिवाय बाळ घरी न्यायचं नाही, हा नियम लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता, की शरयू मोहगावकरला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. जन्माच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने बाळाच्या शीच्या जागेतून मोहरीएवढी एक गोळी आत सरकवली. ही गोळी आतड्यातून फिरते, भिंतीतली एकेक चेतापेशी मोजते; ती काम करते का, तिच्या गुणसूत्रांत काही दोष आहे का, तेही टिपते.

तिचा नवरा निनाद डबा आणायला घरी गेला होता. दुपारी डॉ. फरीदा इनामदारांनी शरयूला एकटीलाच बोलावलं, तेव्हा मात्र तिला काळजी वाटू लागली.

"आतड्याच्या स्वतःच्या नसा असतात," पडद्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवत फरीदा म्हणाल्या. "गर्भात त्यांच्या पेशी मानेपाशी जन्मतात आणि आतड्यातून खाली खाली सरकत जातात. काही बाळांत त्या मध्येच थांबतात. मग पुढचा भाग मळ ढकलत नाही, पोट फुगतं. तुमच्या बाळाच्या पेशी शेवटचे अकरा सेंटिमीटर बाकी असताना थांबल्या."

"म्हणजे ऑपरेशन?"

"नाही. तो भाग रिकामा नाहीये. तिथे दुसऱ्याच कुणाच्या तरी पेशी आहेत, आणि छान काम करताहेत."

"दुसऱ्या कुणाच्या?"

"एका मुलीच्या. आधी वाटलं, तुमच्याच असतील. पण त्यांच्या गुणसूत्रांत अर्धा वाटा बाळाच्या वडिलांचा आहे." फरीदांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "शरयूताई, याच्या आधी तुम्हाला मुलगी झाली होती?"

झाली होती. सात वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावात, सातव्याच महिन्यात. ईरा. तिचं पोट फुगलं. आतड्याचे तुकडे काढून तपासले आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आतड्यात कुठेच नसा नाहीत, उपाय नाही. नवव्या दिवशी नळ्या काढल्या. शरयूचा हात चालेना, म्हणून संमतीच्या कागदावर निनादने सही केली. तेव्हापासून घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

"गर्भातल्या बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात," फरीदा हळूच सांगत होत्या. "वर्षानुवर्षं राहतात. कधीकधी पुढच्या बाळात जातात. पण त्यांनी आतड्याचा अख्खा भाग चालवलेला मी पहिल्यांदाच पाहतेय."

शरयू ऐकत होती. एकाएकी ती ताठ झाली.

"पण तिला तर नसाच नव्हत्या!"

फरीदांनी मान खाली घातली. "हे सांगावं की नाही, याचा मी तासभर विचार केला. या पेशींत दोष नाही, म्हणजे तिच्याही आतड्यात नसा असणार. सातव्या महिन्यात त्या फार कोवळ्या असतात, जुन्या तपासणीत ओळखू यायच्या नाहीत. दिसल्या नाहीत, म्हणजे नाहीतच, असं धरलं गेलं असणार."

"मग काय करायला हवं होतं?"

"सलाइनवर ठेवून थांबायला. महिना, फार तर दोन महिने."

 आपण काही ऐकलंच नाही, असं शरयूला म्हणायचं होतं.

तेवढ्यात डबा घेऊन निनाद दारात आला. तिचा चेहरा पाहून त्याचा रंगच उडाला.

"काय झालं? बाळाला काही…?"

"बाळ ठणठणीत आहे," फरीदा म्हणाल्या. "ऑपरेशन लागणार नाही."

त्याने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. "अगं, मग अशी काय बसलीयस?"

"निनाद, आपली ईरा वाचली असती."

हिला बाळंतपणाचा त्रास झालाय, असंच त्याला आधी वाटलं. मग फरीदांनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तो पडद्यावरच्या त्या शेवटच्या अकरा सेंटिमीटरच्या उजळ पट्ट्याकडे पाहत राहिला. हळूहळू त्याने उजवा हात खिशात घातला, जणू तो कुणाला दिसायला नको होता.

दार ढकलून नर्स हसतच आत आली. "घ्या, बाळाने शी केली! अगदी व्यवस्थित. या ना, बघायला."

दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही.