बॅट उगारलेला टीपल

ही घटना घडलेली आहे. इकडून तिकडून कानावर आलेली नाही. कोरिन माझ्या बायकोची धाकटी बहीण, तिच्याच तोंडून ऐकली. सांगताना तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

ओहायोतलं मर्विल गाव. नोव्हेंबरातला रविवार. रात्र नव्हती, दुपार होती.

कोरिन जुन्या बेसबॉल खेळाडूंचा शोध घेते. जे संघाचा गणवेश घालून बाकावर बसले, पण एकाही सामन्यात उतरले नाहीत, अशांचा. ऑरिन टीपल त्यांतलाच, असा तिला संशय होता.

वडील कधी खेळलेच नाहीत, हे त्याची म्हातारी मुलगी वर्ना ऐकायला तयार नव्हती. तिने फोटो पुढे सरकवला. बॅट उगारलेला टीपल, पायाशी उडालेली धूळ.

"मग हा काय लग्नात काढलाय?"

कोरिन फोटो घेऊन संघाच्या जुन्या, आता बंद पडलेल्या मैदानावर गेली. राखणदार एमेटने कुलूप काढलं.

"लवकर आटपा हं बाई. घरी जेवण वाढून ठेवलंय."

फोटोतली जागा सापडली. मग तिने भिंगातून फोटोत टीपलच्या मागे दिसणारा कोपरा पाहिला.

प्रेक्षकांचे बाक... सगळे रिकामे.

सामना नव्हताच. नुसता फोटोपुरता आव.

वारा बोचत होता म्हणून ती डगआउटमध्ये उतरली. मैदानाच्या कडेची, जमिनीत अर्धी गाडलेली खेळाडूंची जागा. ती बाकावर टेकली.

"म्हणजे तुम्ही खेळलाच नाहीत तर," ती पुटपुटली.

खट्... खट्...

खिळे लावलेले बूट. सिमेंटवर. या टोकाकडून त्या टोकाकडे.

कुणीच नव्हतं.

ती उठायला गेली. उठता येईना. कुणीतरी खांदे खाली दाबून धरले होते.

वर एमेट आला. तिने हाका मारल्या. तो वाकून सरळ तिच्याकडे बघत होता...

"गेली वाटतं," तो म्हणाला आणि वळला.

फाटकाची साखळी वाजली.

बूट तिच्या शेजारी येऊन थांबले. बाक करकरला. ओल्या लोकरीचा वास आला.

तो वाट बघतोय, हे तिला कळलं. नाव पुकारलं जाण्याची.

 सामन्यात पुकारतात तसं ती म्हणाली, "आता बॅटिंगला... ऑरिन टीपल."

खांदे सुटले. खट्, खट्, पायऱ्या चढून आवाज मैदानाकडे गेला.

कोरिन उठली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला...

मागून, बाकाच्या अंधाऱ्या टोकाकडून कुणीतरी हळूच विचारलं,

"आणि मी?"

ती फाटकावरून चढून बाहेर पडली. कोट फाटला, तळहात सोलवटला.

वर्नाला तिने अजून काही कळवलेलं नाही. त्या संघाचे मिळतील ते फोटो घेऊन बसते. चेहऱ्यांवर बोट ठेवत जाते.

परवा फोन आला होता.

"भावजी, तो दुसरा कोण होता ते कळत नाही अजून," ती म्हणाली.

"आणि हल्ली खुर्चीतून उठायला मला वेळ लागतो."