आपाची अर्धी तसबीह

आवाज जरा बारीक करा, शेजारी झोपलेत. भुताखेताचं म्हणाल तर मी शपथ घेणार नाही. पण हे ज्याच्यावर गुदरलं तो माझा सख्खा साडू, आणि त्या माणसाला थापा मारायलाही फुरसत नसायची. शववाहिनी चालवायचा तो.

फेब्रुवारीची तेवीस तारीख, मंगळवारची रात्र. सलग दोन पाळ्या करून घरी निघालेला, एक पाय चपलेत, तेवढ्यात मालकाचा फोन. "एक मयत सोडून ये. लांबचं गाव आहे, पहाटेआधी पोचव." डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालेलं. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. तो उरला नव्हता.

मयत, गाडी ज्या दवाखान्याबाहेर उभी असायची तिथल्याच आयाची. अठ्ठावीस वर्षं तिनं आजाऱ्यांची भांडी उचलली, चादरी बदलल्या. सगळे तिला आपा म्हणायचे. त्या रात्री कामगारांच्या खोलीत इशाची, रात्रीची शेवटची नमाज पढली, सलाम फिरवून ती संपवली आणि बसल्या जागीच गेली. सोबत फक्त धाकटा भाऊ, तोही साठीचा. तो पुढे साडूशेजारी बसला. मागे स्ट्रेचरवर आपा एकटी. दाराला बाहेरून कडी. बारा वाजून दहा मिनिटांनी गाडी निघाली.

तासभर गाडी चालली. रस्त्यावरचे दिवे संपले. मग साडूला काहीतरी ऐकू आलं. आधी वाटलं, टायर घासतोय. मग वाटलं, म्हातारा झोपेत पुटपुटतोय. म्हाताऱ्याचे ओठ तर मिटलेले.

कुजबुज मागून येत होती.

"सुब्हानल्लाह... सुब्हानल्लाह..."

बाईचा आवाज. दमलेला, सावकाश.

नमाजेनंतरची तसबीह ती. हे तेहतीस वेळा, मग अल्हम्दुलिल्लाह तेहतीस वेळा, मग अल्लाहु अकबर चौतीस. बोटांच्या पेरांवर मोजायचं, तुम्हालाही शिकवलंय. साडूनं कैक वर्षांत ते म्हटलं नव्हतं. त्याचं आपलं सलाम फिरवला की हातात गाडीची किल्ली. पण डोक्यात मोजणी आपोआप सुरू झाली. एकोणीस... वीस...

फोन वाजला. मालकाला त्याच्या मोबाईलवर गाडी दिसायची. "हळू का चाललायस? सकाळी दुसरी फेरी आहे!"

मागचा आवाज तुटला.

साडूनं फोन ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा... पहिल्यापासून.

या खेपेला अल्हम्दुलिल्लाहपर्यंत गेली. सहा... सात... फोन. पुन्हा तुटलं. पुन्हा पहिल्यापासून.

साडूला मागे बघायची छाती होईना. "चाचा," तो कसाबसा म्हणाला, "मागे..."

म्हातारा जागाच होता. डोळे न उघडता म्हणाला, "तुलाही ऐकू येतंय होय? मला वाटलं, मलाच."

"भीती नाही वाटत?"

"बहीण आहे रे माझी." "रोज नमाज व्हायची, ती तसबीहला बसायची, आणि वॉर्डातून घंटी. आपा, इकडे या. आपा, तिकडे या. एकदाही पुरी झाली नाही. मला म्हणायची, ही दमलेल्यांची तसबीह आहे. जातं ओढून पैगंबरांच्या लेकीच्या हातांना फोड आले, तेव्हा त्यांनी तिला ही शिकवली. आणि बघ, म्हणायची, दमलेलीलाच म्हणायला सवड नाही."

फोन वाजायला लागला. साडूनं स्क्रीनकडे पाहिलं. मग फोन बंदच करून टाकला. गाडी कडेला घेतली. इंजिन बंद. दिवे बंद.

"मालक बोंबलेल तुझा," म्हातारा म्हणाला.

"बोंबलू दे."

दोन वाजून चाळीस मिनिटं. वारा नाही. किडासुद्धा बोलत नव्हता.

मग मागून... "सुब्हानल्लाह..."

तेहतीस झाले. साडूचा अंगठा पेरांवरून सरकत होता. अल्हम्दुलिल्लाह. बावीस... तीस... तेहतीस. त्याचे ओठही हलायला लागले होते. त्यालाच कळलं नाही कधी.

अल्लाहु अकबर. दहा. वीस.

आवाज बारीक होत गेला.

तीस...

एकतीस...

म्हातारा श्वास धरून बसलेला.

तेहतीस...

...

चौतीस.

बऱ्याच वेळानं साडूनं तोंडावरून हात फिरवला, तर गाल ओले. म्हाताऱ्यानं फक्त एवढंच म्हटलं, "चल बेटा. आता ने तिला."

उरलेल्या रस्त्यात मागून चकार शब्द आला नाही. उशीर केला म्हणून मालकानं दुसऱ्याच दिवशी साडूला कामावरून काढलं. तो घरी येऊन दोन दिवस नुसता झोपला.

पण त्या पहाटे गाव आलं, तेव्हा कडी त्यानं स्वतःच्या हातानं काढली. जशी लावली होती तशीच होती. आपा स्ट्रेचरवर, पट्टे घट्ट बांधलेले. मागच्या बाकाखाली साडूची एक जादा चादर घडी करून ठेवलेली असायची.

ती खाली पत्र्यावर अंथरलेली होती. गाडीत सरळ नाही, तिरपी. म्हाताऱ्यानं आकाशाकडे पाहून दिशा ताडली आणि मान हलवली. पश्चिमेला, काबेच्या दिशेला.

आणि नमाज संपल्यावर आपण खाली अंथरलेल्या जानमाजचा कोपरा दुमडतो ना, तसा त्या चादरीचा एक कोपरा नीट दुमडलेला होता.